जोह्याच्या वाट्याला शून्य

७ जानेवारी २०१८, रविवार

आज वर्ग सुरू झाला. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र. रविवारच्या वर्गात सगळे नोकरी-धंदेवालेच, पण पन्नाशीला टेकलेला मी एकटा. मागच्या बाकावरच्या दोघी मला आपसांत 'बाप्पा' म्हणतात. त्यांना वाटतं मला ऐकू जात नाही. माझे कान कसे आहेत ते पेणला कुणालाही विचारा. कारखान्याबाहेर उभा राहून, नुसत्या कॉम्प्रेसरच्या आवाजावरून मी सांगतो की आत रंग पातळ झालाय की घट्ट. म्हणोत बाप्पा. गणपतीच विकतो ना मी.

विषय ऑप्टिमायझेशन. शिकवायला मिरियम रोहेकर मॅडम. शनिवारी त्या काम करत नाहीत, म्हणून आमचा रविवार. हजेरी घेताना माझं गाव पेण बघून थांबल्या. म्हणाल्या, "आमचं आडनाव तुमच्या शेजारच्या रोह्याचं. तेलाचा घाणा गेला, घर गेलं, माणसं इस्रायलला गेली. आडनाव तेवढं राहिलंय." मग फळ्याकडे वळल्या. "हाताशी जेवढं आहे तेवढ्यातून जास्तीत जास्त काय साधेल, हा आपला विषय."

मनात म्हटलं, बाई, मिसरूड फुटायच्या आधीपासून हाच विषय शिकतोय. परीक्षा तेवढी दिली नव्हती.

२१ जानेवारी

रेषीय प्रोग्रामिंग. गंमत आहे. आधी आपल्याला काय वाढवायचंय ते लिहायचं. मग अडचणी लिहायच्या: माणसं इतकी, जागा इतकी, दिवस इतके. प्रत्येक अडचण म्हणजे एक सरळ रेष. सगळ्या रेषा काढल्या की मधे एक आवार तयार होतं. त्या आवारातच फिरायचं, बाहेर पाय टाकायचा नाही. आणि सगळ्यांत चांगलं उत्तर कुठे सापडतं? आवाराच्या मधोमध नाही, कोपऱ्यावर.

प्रत्येकाने आपल्या ओळखीतलं खरं उदाहरण घेऊन प्रकल्प करायचा आहे. बाकीचे टेबल-खुर्च्यांचे कारखाने शोधत बसलेत. माझा शोध संपलेला. कच्च्या मूर्ती मी तीन ठिकाणी रंगवायला देतो: पेणला माझी स्वतःची शेड, कासूला रंभाबाईंच्या हाताखालची, आणि जोह्याला महिपतीदादा. कुणाला किती द्यायच्या म्हणजे चतुर्थीआधी जास्तीत जास्त माल बाहेर पडेल? क्ष-एक, क्ष-दोन, क्ष-तीन. झालं.

२८ जानेवारी

आज वर्ग नव्हता. पुण्याचे एक नवे व्यापारी आले होते, त्यांना जोह्याला नेलं. महिपतीदादा आखणी करत होता. गणपतीचे डोळे काढायला बसला की तो मान वर करत नाही. तशीच मान खाली ठेवून म्हणाला, "ए पुंड्या, उभा काय? ती बादली सरकव हिकडं."

सरकवली. पुण्याचे गृहस्थ हसले. म्हणाले, "शेठ, इथे तुमची पण हजेरी लागते वाटतं!"

मीही हसलो. यात वाईट वाटण्यासारखं काय? ह्याच शेडमध्ये मी सतराव्या वर्षी माती मळायला लागलो. ब्रश धरायला त्यानेच शिकवलं. दहावी नापास झालो तेव्हा परत फॉर्म भरायला लावला तोही त्यानेच. मालूवहिनींच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालो. त्याने पुंड्या नाही म्हणायचं तर कुणी?

गाडीत ते गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "इथला शेठ बादल्या उचलतो." हळू बोलत होते. मला ऐकू आलं.

११ फेब्रुवारी

आकडे गोळा केले. पेणचे आणि कासूचे मागच्या वैशाखातले घेतले. जोह्याचे श्रावणातले. तेच पटकन हाताला लागले.

आमची ही, चंद्रावती, भाजी निवडत होती. म्हणाली, "श्रावणात दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना? आणि पावसात रंग तरी कुठं वाळतो?"

हिला सगळं बरं लक्षात राहतं. म्हटलं, अगो, पद्धत शिकायचीय, आकडे नमुन्यापुरते.

४ मार्च

उत्तर आलं. क्ष-एक भरघोस, क्ष-दोन त्याहून भरघोस. क्ष-तीन शून्य.

परत मांडून बघितलं. शून्यच. कोपऱ्या-कोपऱ्याने चालत जायची ही पद्धत, आणि कोपऱ्यावर पोचलं की बहुतेक वेळा कुणीतरी शून्य होतंच. हे मी करत नाही, गणित करतं.

बरं वाटलं. का ते कळलं नाही. गणित सुटलं म्हणून असेल.

११ मार्च

गणित एकदा सांगतंय तर प्रत्यक्षात करून बघायला काय हरकत आहे? नवीन माल कासूला वळवला. जोह्याला अजून काही बोललो नाही. खरं तर माघातच सगळ्यांची कामं वाटून होतात. ह्या वेळेला दुसरा व्यापारी कुणी त्याला माल देणार नाही. दादाने आजवर माझ्याशिवाय दुसऱ्या व्यापाऱ्याचं काम धरलेलंही नाही. लवकर सांगायला पाहिजे.

१८ मार्च, पाडवा

आज आमच्या घरच्या गणपतीचा पाट जोह्याला द्यायचा दिवस. चंद्रावती दरवर्षी पाडव्यालाच नेते. मला म्हणाली, "चला की, वहिनींनी जेवायला बोलावलंय."

दादाने पाट मांडीवर घेतला, पुसला, कुंकू लावलं, वर सुपारी ठेवली. "घेतला गो पाट. आता तुझा बाप्पा माझ्याकडं लागला." दरवर्षी हेच म्हणतो. मालूवहिनींनी पाट जुन्या लुगड्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला.

सांगायचं म्हणूनच गेलो होतो. पानावर बसलो तेव्हा म्हटलं जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं तर दादा म्हणाला, "पुंड्या, यंदा माल उशिरा येतोय का रं? शेड झाडून ठेवलीय."

म्हटलं, "बघतो."

वहिनींनी वर आणखी श्रीखंड वाढलं. मी ते खाल्लं.

२६ मार्च

ड्रायव्हर काळुरामला टेम्पो घेऊन जोह्याला पाठवलं. तिथे उरलेल्या कच्च्या मूर्ती उचलून आण आणि सांग, कॉलेजच्या गणितात जोहे बसत नाही, यंदा थांबायचं म्हणून. मी जाणार होतो, पण बँकेत काम निघालं.

बँकेतलं काम फोनवर झालं असतं, हे इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी काळुराम आला. विचारलं, काय म्हणाला दादा?

"काय नाय. त्यांनीच पेंढा लावून दिला, मूर्ती घासायला नकोत म्हणून. चढवायला हात पण लावला."

"आणखी?"

"म्हणाले, पुंड्याची तब्येत बरी हाय ना?"

१ एप्रिल

वर्गाला गेलो. काही टिपून घेतलं नाही.

परत येताना गाडी चुकली म्हणून एका टेम्पोत बसलो; तो कासूला जाणारा होता, तिथेच उतरलो. शेडच्या मागे बायका पाण्यावर उभ्या होत्या. मी पुढच्या बाजूला. रंभाबाईंचा आवाज: "जोह्याचं काढून आपल्या डोक्यावर टाकलंय. हात दुखून आले."

दुसरी म्हणाली, "काम हाय तर कर की गप."

"करतेय. पण ज्याच्या घरी भाकरी खाल्ली त्याचं काढलं. आपण कोण गो त्याचे?"

खाकरून आत गेलो. सगळ्यांनी "या शेठ" म्हटलं. चांगल्या आहेत सगळ्या.

८ एप्रिल

आजपासून वक्र. मॅडम म्हणाल्या, "आतापर्यंत आपण धरून चाललो की पहिल्या नगाला जेवढा वेळ, तेवढाच शेवटच्या नगाला. माणसाचा हात असा चालतो का? थकतो. जागा कमी पडते. रेष वाकते. आणि रेष वाकली की उत्तर कोपऱ्यातच बसेल असं नाही; आवाराच्या मधेही सापडतं. मग कुणाला शून्य करायची गरज उरत नाही."

अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. म्हणजे चूक त्या सरळ रेषेची! आधी सरळ रेषा शिकवल्या, मी सरळ रेषा वापरल्या. मॅडमनी वक्र आधी शिकवला असता तर जोह्याला शून्य आलंच नसतं.

गाडीत बरी झोप लागली.

१५ एप्रिल

सगळं वक्राने मांडलं. रंभाबाईंच्या बायकांचा हात कसा थकतो तेही घातलं. क्ष-तीन शून्य नाही! मोठा आकडा आला. तसाच उठून जोह्याला जायला निघालो होतो. चपला घातल्या.

मग काय वाटलं कोण जाणे, परत बसलो. वक्र मांडताना मी जोह्याचेही वैशाखातले आकडे घेतले होते, बाकी दोघांसारखे. हे ठरवून केलं नव्हतं. हात आपसूक तिकडे गेला. म्हणून जुनंच गणित काढलं, सरळ रेषांचं, आणि त्यात फक्त तेवढा एक आकडा बदलला. श्रावणातला काढून वैशाखातला घातला.

तिथेही क्ष-तीन शून्य नाही. पेणपेक्षा थोडा कमी, कासूपेक्षा जास्त.

रेषेने काही केलेलं नव्हतं. श्रावणातला आकडा पटकन हाताला लागला असं मी फेब्रुवारीत लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. आधीच्या पानावर बादली आहे.

चपला काढून ठेवल्या. आज जाण्यासारखं तोंड नव्हतं.

२२ एप्रिल

वर्ग बुडवून जोह्याला गेलो. मालूवहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

"या भावजी. बरी हाय का तब्येत?"

"बरी आहे, वयनी. दादा?"

"रोह्याला. कंपनीच्या गेटावर लागले. आज सेकंड शिफ्ट."

"वॉचमन?"

"मग काय सायेब करतील व्हय?" सूप आपटलं. "डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा डॉक्टर म्हणाला, आता आणखी वीस वर्षं आखणी करा. आता बसलेत गाड्यांचे नंबर वाचत."

म्हटलं, "वयनी, काम परत पाठवतो. उद्याच. माझी चूक झाली."

"पाठवाल हो तुम्ही. पण त्यांनी तिकडं शब्द दिलाय. आणि मला एक सांगा भावजी, काळुराम म्हणत होता, तुमच्या कॉलेजच्या गणितात आमचं नाव आलं नाय. परत गणित केलंत आणि परत नाय आलं तर? परत टेम्पो लावाल?"

त्यांनी चहा केला. पूर्वीसारखाच, आलं घालून. कपबशी मात्र पाहुण्यांची काढली.

शेडमध्ये डोकावलो. फळ्या सगळ्या मोकळ्या. वरच्या फळीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी एकटंच पडलेलं. लोकांच्या घरगुती गणपतींची कामं त्याने शेजारच्या कारखान्यात देऊन टाकली म्हणे.

६ मे

वर्ग संपले. आज रोह्याला गेलो, रेल्वेने. निडीला गाडी बराच वेळ थांबली होती तेव्हा एकदा उतरून परत फिरावं असं आलं मनात.

कंपनीच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. तिच्या आडोशाला बसलो. दादा निळ्या कपड्यात, डोक्यावर टोपी. शर्ट खांद्यात सैल होत होता. एक गाडी आली. आतल्या पोराने काचही पूर्ण खाली केली नाही. "ए महिपती, उघड ना लवकर!"

"होय साहेब."

वयाने अर्धा असेल तो पोरगा. टपरीवाला मला विचारत होता, साखर कमी का जास्त. मला त्याचं ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं.

रस्ता ओलांडायचा होता फक्त. चहा संपला. आणखी एक घेतला. मग गाडीची वेळ झाली.

२० मे

तोंडी परीक्षा. प्रकल्प जुनाच दिला, शून्याचा. दुरुस्त केलेला दिला असता तर दुरुस्ती कशाची ते सांगावं लागलं असतं. आणि शून्याचा नीटस दिसतो. कोपरा छान स्पष्ट येतो आकृतीत.

मिरियम मॅडमनी पानं चाळली. "छान मांडलंय. तिन्ही ठिकाणचे आकडे एकाच हंगामातले?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हा तिसरा कारखाना? हे खरं उदाहरण आहे ना? त्यांचं पुढे काय झालं?"

"नाही मॅडम, ते नमुन्यापुरतं घेतलंय."

त्यांनी चष्मा पुसला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या घाण्याला शेवटी गिऱ्हाईक येईनासं झालं तेव्हा वडील म्हणायचे, कुणी येऊन भांडलं असतं तरी चाललं असतं. नुसतेच यायचे थांबले सगळे." आणि सही केली.

त्यांना कळलं का? मला नाही वाटत. त्या आपल्या रोह्याच्या आठवणीत होत्या.

१० जुलै

निकाल. प्रथम श्रेणी, प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त गुण. पेणच्या शेडमध्ये पोरांनी पेढे वाटले, गळ्यात हार घातला. कासूला पेढे पाठवले. रंभाबाईंनी फोन करून "शेठ, नाव काढलंत" म्हटलं.

जोह्याला पाठवायचे म्हणून एक पुडा बाजूला काढून ठेवला होता. फ्रीजमध्ये आहे.

२ ऑगस्ट

धंद्याची धांदल. माल वेळेत निघतोय, त्यात खोट काढायला जागा नाही. आखणी पेणची पोरं करतात. मूर्ती देखण्या आहेत. गिऱ्हाईक खूश आहे. कुणाला काही फरक कळलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसत नाही. तो दिसला असता तर बरं झालं असतं. निदान नुकसान तरी झालं असतं माझं.

११ सप्टेंबर

परवा चतुर्थी. रात्री जेवताना चंद्रावतीला म्हटलं, आपल्या घरच्यासाठी शेडमधला कुठला ठेवू? सगळ्यांत चांगला काढतो.

"शेडमधला? पाट जोह्याला दिलाय ना आपण?"

विसरलोच होतो. विसरलो होतो असं लिहितोय, पण मग एप्रिलमध्ये शेडमधलं ते लुगडं बघून मी नजर का काढून घेतली?

म्हटलं, "अगं, त्याने कारखाना बंद केलाय. कंपनीत आहे तो."

"दुपारी मालूवहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, बाप्पा तयार आहे, गुरुवारी सकाळी न्यायला या. दादांनी सुट्ट्यांच्या दिवशी बसून केलाय." घास तसाच हातात धरून म्हणाली, "पाट घेतला होता ना त्यांनी."

माझ्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही इतके गणपती आहेत. माझ्या घरी त्यातला एकही चालणार नाही.

क्ष-तीन बरोबर एक. विद्यापीठात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली, शून्य छापलेलं आहे.

१३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

सकाळी टोपी घालून, विडा-नारळ घेऊन दोघं जोह्याला गेलो. दादा तिसऱ्या शिफ्टवरून नुकताच आला होता. निळा शर्ट खुंटीला. तोंड धुऊन, धोतर नेसून उभा राहिला. रिकाम्या शेडमध्ये एकच मूर्ती, आमच्या पाटावर.

बाप्पाच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

विडा ठेवला. पाया पडायला वाकलो तर तो मागे सरकला. "अहो, बाप्पाच्या पडा. माझ्या कशाला?"

अहो.

म्हटलं, "दादा, तो आकडा चुकीचा होता. मीच चुकीचा घातला होता. मुद्दाम नाही... मुद्दामच म्हणायला पाहिजे."

"कसला आकडा?"

"गणितातला. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं त्या महिन्याचा."

त्याने थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग नारळ उचलून बाजूला ठेवत म्हणाला, "मला काय त्यातलं कळतंय, शेठ? तुमचा धंदा हाय. तुम्ही बघून करणार."

मालूवहिनी आतून म्हणाल्या, "राहू द्या भावजी, आज सणाचा दिवस."

"पुढच्या माघात काम घेऊन येतो, दादा. मी स्वतः येतो."

"बघू. कंपनीत पर्मनंट करतो म्हणालेत." आणि मूर्तीच्या तोंडावर नवा रुमाल टाकला, पाट उचलून माझ्या हातांवर नीट टेकवला. "चौकट बुटकी हाय, पुंडलिकशेठ. वाकून जावा."

तीस वर्षं त्या चौकटीखालून येतोय. ती बुटकी आहे असं आजवर कुणी कधी सांगितलं नव्हतं.

वाकून बाहेर आलो. अंगणातून टेम्पोपर्यंत सावकाश गेलो, मुद्दाम सावकाश. बाप्पाचे डोळे रुमालाखाली झाकलेले. चंद्रावती पुढे, टाळ्या वाजवत. मी कान मागे लावून चालत होतो. मागून 'ए पुंड्या, हळू, ठेच लागंल' असं येईल म्हणून.

शेजारच्या ओटीवरची झांज ऐकू आली. चंद्रावतीच्या बांगड्या ऐकू आल्या. टेम्पोचं फळकट पडल्याचा आवाज आला. शेडमध्ये दादाने खुंटीवरचा शर्ट काढून झटकला, तेसुद्धा ऐकू आलं.

माझे कान चांगले आहेत. बाकी तिकडून काही आलं नाही.